मामांचा सव्वा किलोचा अप्रेंटिस

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली त्या वेळी तपासणीच्या टेबलाशी आमचे चेन्नईचे घरमालक बसलेले असते, तर निम्मी सृष्टी 'दुरुस्त करून आणा' असा शेरा मारून परत गेली असती. जिराफाची मान मापापेक्षा लांब, उंटाची पाठ सरळ नाही आणि डास तर मुळात मंजूर नकाशातच नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं असतं, आणि ब्रह्मदेवाने वाद घातलाच असता तर खिशातून व्हर्नियर, म्हणजे सुताइतकी चूकही पकडणारी मोजपट्टी, काढून त्याच्यासमोर धरला असता. कारण व्हर्नियर त्यांच्या खिशात कायम असे. हा माणूस आयुष्यभर चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्टर होता. पोलिसांतला नव्हे, मालाचा. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग यांच्या हाताखालून जायचा आणि यांनी 'पास' म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. अशा माणसाच्या घरात मी चार वर्षं भाडेकरू होते, हे मी आजही लोकांना ऐटीत सांगते, आणि लोकांना त्यात ऐट करण्यासारखं काय आहे ते कळत नाही. म्हणून हे सगळं सांगायला बसले आहे.

मी साताऱ्याची. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि जवळ म्हणून आवडीत घर शोधत फिरत होते. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. एका घराच्या फाटकावर 'वरचा मजला भाड्याने' अशा अर्थाची पाटी असावी असा अंदाज करून मी बेल वाजवली, आणि दारात लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. माझं आडनाव ऐकून त्यांनी मला आत घेतलं आणि चक्क मराठीत विचारलं, "जेवण जालें कां?" मी चाटच पडले. हे तंजावरचे मराठी. कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज खाली आले ते परत गेलेच नाहीत. माझ्या मराठीवर त्यांचं पहिलं मत असं पडलं की ती फार पातळ आहे. "आमचें मराठी आम्ही डब्यांत घट्ट झाकून ठेवलें, अम्मा. तुम्ही उघडें टाकलें, हवा लागली," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मग घर दाखवण्याऐवजी त्यांनी माझीच तपासणी सुरू केली. नोकरी क्वालिटी खात्यात आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. मायक्रोमीटरने कमीत कमी किती मोजता येतं, ते विचारलं. मी म्हटलं, मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यावर आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली आणि घर देऊन टाकलं. मी वरचा मजला पाहिलाच नव्हता. त्या दिवसापासून ते माझे मामा आणि त्या मामी, कारण त्या गल्लीत सगळेच त्यांना तसं म्हणत.

मामांच्या तपासणीतून काहीही सुटत नसे. नारळ ते कानाशी धरून टकटक करत आणि पाचांतले चार परत ठेवत. नारळवाला त्यांना लांबून येताना पाहूनच चांगले नारळ खालून वर काढायचा. इडलीची उंची मधोमध आणि कडेला किती, हे त्यांना नजरेने कळे. रिक्षात बसण्याआधी ते रिक्षाभोवती एक चक्कर मारत, टायरला पायाने दाबून बघत, आणि एकदा तर रिक्षावाल्याला ब्रेकची तार बदलायला लावून मगच तिच्यात बसले. त्यात आमची आगगाडी चुकली, पण रिक्षावाल्याने पुढे आयुष्यभर मामांना नमस्कार केला. माझं लग्न ठरवायला आलेल्या आईने मोठ्या हौसेने साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते. मामांनी एक उचलला, फिरवून पाहिला, शेजारच्याशी ताडून पाहिला आणि "एक मोठा, एक लहान, पण चव एकसारखी. सवलतींत पास," असा निकाल दिला. आई अजून तो निकाल सांगते. साऱ्या जगात न तपासता पास होणारी वस्तू एकच, मामींचं कोलम. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच, पण रेघ ठिपक्यांना वळसे घालत घालत जिथून निघाली तिथेच परत येते. मामी ते रोज पहाटे दाराशी घालत, तेही खऱ्या तांदळाच्या पिठाने. मामा बाहेर पडताना कोलमला बगल देऊन जात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मामींना वाटे, या माणसाचं लक्षच नाही. पुरुष माणसाला काय कळतंय, असंही त्या कधी कधी म्हणत.

आणि मग मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभाला हार घातला, शाल दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा मामा नेहमीसारखे चपला घालून फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच. महिना गेला, चार महिने गेले. नारळवाल्याने खुशाल सडका नारळ दिला, मामांनी घेतला. इडली कशी का असेना, खाल्ली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर म्हणाले, कामाशिवाय चालणें म्हणजे भटकणें. मामी माझ्याकडे वर येऊन पदराने डोळे टिपायच्या. त्यांनी मुद्दाम सांबारात मीठ जास्त घालून पाहिलं होतं. मामांनी एक अक्षर न बोलता ते सांबार भाताबरोबर संपवलं होतं. मामी म्हणाल्या की ते मुकाट्याने जेवले तेव्हा मला भीती वाटली. मलाही ऐकून वाटली.

आडी महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे आषाढ चालू असतो त्या सुमारास, मामांचा कारखान्यातला एक जुना सोबती भाजीची पिशवी घेऊन आला. पिशवीत पिल्लू होतं. मिनिएचर पिन्शर नावाची जात. डॉबरमनचं झेरॉक्स काढताना कागद वाचवला तर निघेल तसं दिसतं. काळं कुळकुळीत, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, आणि वजन सव्वा किलो. सोबत्याच्या घरच्या कुत्रीला पाच झाली होती, चार खपली होती, हे उरलं होतं. मामांनी ते तळहातावर घेतलं. उलटं केलं. कान दोन्ही सारखे आहेत का पाहिलं, पंजे मोजले, शेपटी किंचित डावीकडे कलते आहे याची नोंद घेतली. पिल्लाने तेवढ्यात त्यांच्या खिशातला व्हर्नियर दातात धरून ओढला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मामा आपणहून काही बोलले. ते म्हणाले, "याला हत्यारांची आवड आहे."

मामींचा मात्र साफ नकार होता. घरात देव, दाराशी कोलम, आणि या वयात कुणाचं शी-शू काढायचं? दोन दिवस हे असंच चाललं. शेवटी मामांनी कारखान्याच्या पद्धतीने तोडगा काढला. कारखान्यात नवा येणारा प्रत्येक जण आधी अप्रेंटिस असतो. मुदत संपली की परीक्षा होते, आणि पास झाला तरच तो कायम होतो. तसंच याचं. मुदत सहा महिने, आडीच्या पहिल्या तारखेपासून तै महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत, म्हणजे थेट पोंगलच्या दिवसापर्यंत. सगळे दोष रजिस्टरात लिहिले जातील. परीक्षक मामी. त्यांनी 'पास' लिहिलं तर पिल्लू राहील, नाहीतर ज्या पिशवीतून आलं तिच्यातूनच परत जाईल. आणि कायम होईपर्यंत नाव ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की परीक्षकावर दडपण येतं. मामींनी विचारलं, दोष लिहिणार कोण? मामा म्हणाले, मी. मला तेव्हाच वाटलं की पिल्लाचं कल्याण आहे, आपल्या लाडक्याचे दोष कोण लिहितो? पण मी मामांना अजून पुरतं ओळखत नव्हते. नाव नसल्यामुळे सगळी गल्ली त्याला अप्रेंटिसच म्हणू लागली.

अप्रेंटिसच्या अंगात काय भरलं होतं देव जाणे. सकाळी पावणेसहाला डोळा उघडला की तो एकदम पूर्ण वेगातच सुरू व्हायचा. मधला वेग त्याला दिलेलाच नव्हता. व्हरांडा, हॉल, स्वयंपाकघर, मागचं अंगण, पाण्याची टाकी, पुन्हा व्हरांडा, अशा फेऱ्या तो अशा काही मारायचा की वळणावर मागचे पाय पुढच्या पायांना ओलांडून जात. केरसुणीशी त्याचं पिढीजात वैर होतं. भिंतीवरची पाल त्याने तीन तास नजरकैदेत ठेवली. चपला तो फक्त डाव्या पायाच्या पळवायचा, त्यामुळे त्या घरात पाहुण्यांच्या उजव्या चपलांचा ढीग आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह, असं दृश्य नेहमीचं झालं. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा धिप्पाड माणूस या सव्वा किलोला पाहून फाटकाबाहेरच थांबे आणि मामांना हाक मारी. मामांच्या तोंडावर तेव्हा जो अभिमान फुले तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, मुलगा कलेक्टर झालेल्या बापाच्याही नाही.

या वादळाला मामांनी शिस्त लावायला घेतली. शिट्टी आणली. वेळापत्रक भिंतीवर लागलं: सहा ते साडेसहा कवायत, मग न्याहारी, मग 'प्रत्यक्ष काम'. प्रत्यक्ष काम म्हणजे काय हे अप्रेंटिसला कळलं नव्हतं, मलाही कळलं नाही. कारखान्यात बिल्ला जमा केल्याशिवाय हत्यार मिळत नाही, म्हणून मामांनी चावायच्या वस्तूंचं भांडार उघडलं. एक जुनी चप्पल, एक दोरी, एक नारळाची करवंटी. एका वेळी एकच वस्तू मिळणार, आणि ती परत केल्याशिवाय दुसरी नाही. पहिले दोन आठवडे अप्रेंटिसने भांडारच चावलं. पण तिसऱ्या आठवड्यात, खोटं सांगत नाही, तो करवंटी तोंडात घेऊन मामांच्या खुर्चीपाशी आला, ती खाली ठेवली आणि दोरीकडे बघत उभा राहिला. मामा शिट्टी विसरले, खुर्ची विसरले आणि धावत जिना चढून मला सांगायला वर आले. ज्या गुडघ्यांना डॉक्टर चार महिने विनवत होते, ते गुडघे दोन-दोन पायऱ्या चढून आले. नंतर ती बातमी नारळवाल्याला, रिक्षावाल्याला आणि देवळातल्या गुरुजींनाही कळली. गुरुजींनी प्रसाद दिला तो मामांनी खाण्याआधी तपासला. मामा परत आले आहेत हे मला तेव्हा कळलं.

भोंग्याची तर वेगळीच कथा. सातचा भोंगा वाजला की अप्रेंटिस मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळायचा. मामा म्हणत, हजेरी लावतो आहे. पुढे पुढे तो भोंग्याच्या आधी अर्धा मिनिट ओरडू लागला. कुणीही म्हणेल, कुत्रं घाईवर आलं. मामांनी तीन दिवस घड्याळ लावून पाहणी केली आणि जाहीर केलं की भोंगा अर्धा मिनिट उशिरा वाजतो आहे. त्यांनी कारखान्याला तसं पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही, पण मामांच्या घरातली सगळी घड्याळं त्या दिवसापासून अप्रेंटिसवर लावलेली असत.

एवढं सगळं असून रजिस्टर मात्र निर्दय होतं. मामा रोज संध्याकाळी चष्मा लावून, कुत्र्याला मांडीवर घेऊन, त्याच्याच खोड्या त्याच्यासमोर लिहीत. टीव्हीच्या रिमोटचें पाचाचें बटण खाल्लें. देवापुढील केळें पळविलें, साल परत केली. मामींच्या टी. नगरच्या बाजारांतून आणलेल्या नव्या रेशमी पट्टू साडीचे गोंडे, नग दोन, तोडले. मी एकदा म्हटलं, मामा, गोंड्यांचं नका लिहू, मी शिवून देते, मामींना कळायचं नाही. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तीन दिवस खाली उतरले नाही. मग एकदा त्यांनीच मला चहाला बोलावलं आणि कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मी एक खोटा पास लिहिला, तर माझे मागचे अस्के पास खोटे होतात, अम्मा." अस्के म्हणजे त्यांच्या मराठीत सगळे. ते बोलताना त्यांचा हात त्या पाठीवरून निघत नव्हता. हे पिल्लू गेलं तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. तरी लिहीत होते.

पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. तो कोलमचा महिना. पहाटे चारला गल्लीतली प्रत्येक बाई दाराशी कोलम घालते, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचते, आणि मग सगळ्या जणी एकमेकींची कोलमं बघत फिरतात. मामींचं कोलम म्हणजे त्या गल्लीची शान. मामींनी स्पष्ट बजावलं होतं की बाकीचं एक वेळ सोडून देईन, पण कोलमला तोंड लागलं तर बोलायचं नाही. अडचण अशी की कोलम तांदळाच्या पिठाचं आणि अप्रेंटिसला तांदळाचं पीठ म्हणजे श्रीखंड. पूर्ण महिना मामांनी सकाळी आठपर्यंत त्याला घरात कोंडून, जाळीच्या दाराला कडी लावून, स्वतः दाराशी पहारा दिला. एकोणतीस दिवस कोलम सहीसलामत राहिलं. तिकडे म्हणच आहे की तै महिना जन्मला की वाट सापडते. मी मनातल्या मनात म्हणत होते, एवढा एक दिवस नीट जाऊ दे.

त्या एका दिवसाची वाट मी लावली. पोंगल आणि आपली संक्रांत एकाच वेळी येतात. मी आदल्या दिवशी तिळगूळ केला होता, आणि सकाळी साडेसहाला, अंघोळ करण्याआधीच, हौसेने डबा घेऊन खाली गेले. मामी आत चुलीची तयारी करत होत्या, मामा कुठे दिसले नाहीत. मी जाळीचं दार उघडून डबा टेबलावर ठेवला आणि वर निघून आले. कडी लावायची राहिली. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर अंगणभर घातलेल्या, वर्षातल्या सर्वांत मोठ्या कोलमच्या एका कोपऱ्यात अप्रेंटिस उभा होता आणि अगदी शिस्तीत, रेघेरेघेने, एकही वळण न चुकवता ते चाटत चालला होता.

मी धावत जाऊन त्याला उचललं, त्याच्या काळ्या नाकावरचं पांढरं पीठ ओढणीने पुसलं, आत टाकला, कडी लावली. मग वर जाऊन दिवाळीला घरून आणलेली रांगोळीची पुडी घेतली आणि खाल्लेला भाग भरायला बसले. साताऱ्यात माझ्या रांगोळीला बक्षीस मिळालंय हो! पण ती रेघ मला वळेना. ती ठिपक्याला वळसा घालून दुसरीकडेच निघून जाई. कशीबशी ती मी परतीच्या वाटेला लावली, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि मला वाटलं की जमलं. आपल्या माणसाला वाटतंच की रांगोळी ती रांगोळी.

नऊ वाजता अंगणात कोलमशेजारी पोंगलची चूल मांडली. दूध उतू गेलं, सगळ्यांनी 'पोंगलो पोंगल' असा गजर केला, मामींनी सूर्याला नैवेद्य दाखवला. मग मी खाली पाहिलं. मुंग्या आल्या होत्या. त्यांची रांग मामींच्या पिठाच्या रेघेवरून छान वळणं घेत येत होती आणि जिथून माझी रांगोळी सुरू होत होती तिथे पोचली की थांबून, मिशा हलवून, माघारी फिरत होती. माझी रांगोळी दगडाची पूड. एकही मुंगी त्या कोपऱ्यात पाऊल टाकेना. सगळ्या अंगणाला माझी चोरी नीट आखून दाखवली त्यांनी. मामी त्या रांगेकडे एकटक बघत होत्या.

मामा रजिस्टर घेऊन आले. दुसऱ्या हातात भाजीची ती पिशवी होती, धुतलेली, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेली. पिशवीला कुणी इस्त्री करतं का? अप्रेंटिस पिशवीचा वास घेऊन शेपटी हलवू लागला, त्याला वाटलं फिरायला जायचंय. मामांनी उभ्याने पहिल्या पानापासून सगळे दोष वाचले. आवाज सरळ होता, कारखान्यातला. शेवटच्या पानावर आले तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकणार तोच त्यांनी वाचलं, "आजची तारीख. सकाळीं सहा चाळीस. कोलमचा ईशान्य कोपरा खाल्ला. दार उघडें ठेवलें भाडेकरीण बाईंनीं. दुरुस्ती त्यांनींच केली. दुरुस्ती नापास." ते गच्चीवर होते. सूर्याला पाणी द्यायला वर गेले होते आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी रजिस्टर मामींच्या हातात दिलं, पेन दिलं, आणि पिशवीची घडी उलगडू लागले. घडी काही केल्या उलगडेना.

मी म्हटलं, मामी, चूक माझी आहे, त्याची नाही. मामींनी मला हातानेच गप्प केलं. त्यांनी ते शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं, मग मामांना विचारलं, "ईशान्य कोपरा कसा कळला तुम्हांला? कोलम तुम्ही कधीं पाहतां?" मामा पिशवीकडे बघत म्हणाले, "रोज पाहतों. गच्चीवरून. दोष सांपडला नाहीं, म्हणून बोललों नाहीं."

मामींनी एकदा वर गच्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, जरा घुश्शातच, त्यांनी मला विचारलं की त्या तांदळाचंच पीठ का वापरतात ते ठाऊक आहे का. दगडाची पूड स्वस्त असते, ठळकही दिसते. मी मान खाली घातली. "मुंगीनें खावें, चिमणीनें खावें, म्हणून," त्या म्हणाल्या. "यानेंहि खाल्लें. त्यांत दोष कसला? दोष तुझा. अन्नाच्या जागीं दगड घातलास." मग त्या खाली बसल्या, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि लिहिता लिहिता, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "सहा महिने मी कुत्र्याची परीक्षा घेत नव्हतें. यांना पाहत होतें. खुर्ची रिकामी राहते कीं नाहीं, तेवढेंच." पानावर एकच शब्द होता. तो मामांनी दोनदा वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मामींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि सांगितलं की हिच्यातून आता वांगी आणा, आणि यापुढे पाहून आणा.

मामांनी आतून एक पितळी बिल्ला आणला. ते स्वतः अप्रेंटिस असतानाचा, घासूनघासून आकडा पुसट झालेला. तो त्यांनी त्या चिमुकल्या गळ्यात बांधला. कायम झाल्यावर नाव ठेवायचं होतं, म्हणून संध्याकाळी गल्ली जमली. राजा, टायगर, मणी, शेरू, सगळी नावं हाका मारून पाहिली. तो ढिम्म. अखेर कंटाळून मामांनी "अप्रेंटिस" म्हटलं आणि तो अंगण ओलांडून त्यांच्या छातीवर जाऊन आदळला. तेच नाव कायम झालं. मामा म्हणाले, असूं द्या, शिकणें कुणाचें संपलें आहे?

मी चेन्नई सोडून पुण्याला आले त्याला आता दोन वर्षं झाली. मामा दर महिन्याला रजिस्टराच्या पानाचा फोटो पाठवतात. सुरुवातीला पानं गच्च भरलेली असत. हळूहळू ती विरळ होत गेली. चप्पल एक. केरसुणी, किरकोळ. मग नुसत्या तारखा आणि पुढे 'निरंक'. अप्रेंटिस मोठा झाला, शहाणा झाला. मी फोन करून अभिनंदन केलं तर मामा खूश दिसले नाहीत. यंदाच्या पोंगलला जे पान आलं त्यावर लिहिलं होतं, "कोलम अस्कें शाबूत. कोणी खाल्लें नाहीं. बिघडलेलें नीट करायला कोणी आलें नाहीं." मी ते वाचून ऑफिसातून लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर तांदळाच्या पिठाची रांगोळी घातली. चौथ्या मजल्यावर मुंग्या कुठून येणार? दोन दिवस एकही आली नाही. तिसऱ्या दिवशी, मी डबा भरत असताना, उंबऱ्याच्या फटीतून एक आली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता रांग माझ्या वाकड्या वळणांवरून चालू लागली. मी फोटो काढून मामांना पाठवला. पाच मिनिटांत फोनवर त्यांच्या आवाजातला निरोप आला: "रेघ जाड आहे. ठिपके सारखे नाहींत. पण मुंग्या खऱ्या आहेत, अम्मा. पास." मागे सातचा भोंगा वाजत होता आणि अप्रेंटिसने त्यात आपला सूर लावला होता. कोण आधी होतं ते कळावं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला.